साडेतीन हात आणि पहिला अल्बम

बँडचं नाव 'साडेतीन हात'. माणसाला शेवटी तेवढीच जागा लागते, म्हणून बेस वाजवणाऱ्या रीळमामांनी ते सुचवलं आणि चौघांनाही एका दमात पटलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांचं दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर एकमत झालेलं कुणाच्या ऐकिवात नाही.

हा बँड हॉरर पंक वाजवायचा. म्हणजे काय, ते ड्रम वाजवणाऱ्या टाचणीनं आपल्या बाबांना एकदा नीट समजावून सांगितलं होतं. गाणी दोन-दोन मिनिटांची, वेग असा की पाठीमागे कुत्रं लागलंय, आणि विषय म्हणजे थडगी, कवट्या, हडळी, तळघरातून वर येणारे हात. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रंध्याचं पातं फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "मेलेली माणसं ओरडत नाहीत. चाळीस वर्षं बघतोय मी."

बाबा शवपेट्या बनवायचे. टाचणी त्यांच्याच हाताखाली काम करायची. पेटीच्या आतलं अस्तर शिवायचं, गादी भरायची, कडेनं झालर लावायची, हे तिच्याकडे. दिवसभर तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या आणि अंगानंही ती तशीच होती, म्हणून नाव पडलं टाचणी. अशी काडीपैलवान मुलगी ड्रम वाजवते हे कुणाला खरं वाटायचं नाही, पण ती वाजवायला लागली की कारखान्यातल्या पॉलिशच्या डब्यांची झाकणं थरथरायची.

सराव कारखान्यातच चालायचा, संध्याकाळी पाचनंतर, फळ्यांच्या थप्पीमागे. बाबांनी जागा दिली होती ती एकाच अटीवर: तयार मालाला हात लावायचा नाही. सराव चालू असताना ते पुढच्या बाजूला काम करत बसायचे, कानांत कापसाचे बोळे कोंबून. बोळे पहिल्यापासूनच होते, करवतीच्या आवाजासाठी, पण बँड आल्यापासून ते जरा मोठे झालेत असं टाचणीला वाटायचं. याचं तिला फार वाईट वाटायचं. बाबांनी एकदा तरी ऐकावं, मग हवं तर नाक मुरडावं, एवढीच तिची इच्छा होती, पण तसं तोंडावर सांगायची छाती नव्हती.

तयार मालाबद्दल बाबा फार कडक होते. पेटी पूर्ण झाली की तळाला खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे, मग चपला काढून स्वतः तिच्यात आडवे व्हायचे. मिनिटभर पडून राहायचे, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे, फळी कुठं करकरते का बघायचे. "करकरत नाही," असं म्हणून उठायचे, मगच पेटी दाराबाहेर जायची. सहा वर्षांपूर्वी टाचणीची आई गेली, तेव्हा तिच्याही पेटीत ते असेच झोपले होते. त्या दिवशी मिनिटाचा तास झाला होता, आणि टाचणी दाराशी उभी राहून त्यांच्या उठण्याची वाट बघत होती.

बँडमधले बाकीचे तिघेही पोटापाण्यासाठी काही ना काही करायचे. गिटार वाजवायचा कवळ्या. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा, त्यामुळे त्याच्या खिशात कायम कुणाचे तरी दात असायचे. बेस वाजवणारे रीळमामा पन्नाशीचे. जुने रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे आणि संगणकाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. अल्बम होणार तो कॅसेटवरच, असा त्यांचा हट्ट. "एक मशीन, एक कॅसेट. चुकलात तर पुन्हा वाजवा," म्हणायचे. आणि गाणाऱ्या बाई या खरोखरच्या बाई होत्या, म्हणजे बालवाडीच्या.

खरी अडचण बाईंचीच होती. त्यांचा आवाज गोड होता. "तुझं रक्त पिते" असं त्या जीव तोडून म्हणाल्या तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, 'दूध पी बाळा' म्हणतायत. बाकीची वाद्यं त्याच कॅसेटवर रेकॉर्ड होऊन महिना झाला, फक्त आवाज चढवायचा होता, पण आवाजापाशी घोडं अडलेलंच. रीळमामांनी त्यांना बादलीत तोंड घालून गायला लावलं. कवळ्यानं खास मापाचे सुळे बनवून आणले. ते लावल्यावर बाई बोबड्या गायला लागल्या आणि रीळमामांना हसताना ठसका लागला.

तोडगा निघाला तो बाईंच्या कंबरेमुळे. एका बुधवारी शाळेतल्या एका गुटगुटीत पोराला उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली. गुरुवारी दुपारी त्या कारखान्यात आल्या त्या वाकड्याच, आणि आल्या आल्या जमिनीवर आडव्या झाल्या. पडल्या पडल्याच त्यांनी शेवटचं गाणं म्हणून बघितलं, 'आत कोण':

टक टक टक, आत कोण?
उघडू नका, आम्ही दोन!

तिघांच्याही अंगावर सर्रकन काटा आला. पाठ टेकल्यावर बाईंच्या पोटातून निघालेला तो आवाज घोगरा होता, ओलसर होता, आणि जमिनीखालून आल्यासारखा वाटत होता. बाई स्वतःच दचकून गप्प झाल्या.

"हाच!" रीळमामा ओरडले. "बाई, मेलात तरी उठू नका!"

बाई उठल्या नाहीत, पण शिंकल्या. एकदा, दोनदा, मग सलग सात वेळा. जमिनीवर भुसा होता. चटई टाकून बघितली, तर चटईतच भुसा. मऊ, स्वच्छ आणि आवाज न घुमणारी जागा सबंध कारखान्यात एकच होती, आणि ती टाचणीनंच आदल्या दिवशी शिवून पूर्ण केली होती.

"नाही," टाचणी म्हणाली.

"मी कुठं काय म्हटलं?" रीळमामा म्हणाले.

"बघताय तिकडेच."

ती पेटी एका म्हाताऱ्या घड्याळजींची होती. माणूस सहा फुटांच्या वर, त्यामुळे पेटीही चांगली लांबलचक. ती शुक्रवारी सकाळी पोचवायची होती, आणि बाबा लाकडाच्या वखारीत गेले होते ते संध्याकाळी सहाशिवाय येणार नव्हते. टाचणीनं दहा मिनिटं नाही-नाही केलं. मग तिनं दोन वर्षं आठवली, बादली आठवली, सुळे आठवले, आणि म्हणाली, "बाई, चपला काढा." यातच सगळं आलं.

बाई चणीनं लहान, त्यांच्या पायाशी पेटीत हातभर जागा उरली. माइकची वायर आखूड होती, म्हणून मशीनही तिथेच ठेवलं, आणि त्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून वर अस्तराचं उरलेलं कापड घातलं. माइक शर्टाच्या बटणाएवढा होता, तो टाचणीनं उशीच्या झालरीत टाचला. बाईंनी डोळे मिटले आणि दहाच्या दहा गाणी एका बैठकीत, म्हणजे एका झोपेत, म्हणून टाकली. तेवीस मिनिटं कुणी पापणी हलवली नाही. शेवटचं "आम्ही दोन" संपलं तेव्हा कवळ्याच्या हातातला कुणाचा तरी दात खाली पडला.

आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बाबांची गाडी. घड्याळात साडेचार.

"बाई, उठा!"

"उसण!" बाई कळवळल्या.

कवळ्यानं खांदे धरले, रीळमामांनी पाय धरले, आणि बाईंना मागच्या दारानं गल्लीत नेलं. टाचणीनं घाईघाईत गादी सारखी केली आणि तीही पळाली. गल्लीत पोचल्यावर चौघं पोट दुखेपर्यंत हसले. अल्बम पूर्ण झाला होता. आनंदाच्या भरात एकमेकांच्या पाठीवर थापा मारून जो तो आपापल्या घरी गेला.

घात झाला तो इथेच. रीळमामांना वाटलं मशीन टाचणीनं उचललं, टाचणीला वाटलं रीळमामांनी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशातली गत.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पेटी आजच पोचवली. घरच्यांना घाई होती. उद्या अकराला शेवटचा निरोप आहे." मग ताटाकडे बघत म्हणाले, "तुला काही सांगायचंय?"

टाचणीला ठसका लागला. "नाही," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

शुक्रवारी सकाळी अल्बमच्या मुखपृष्ठाचा फोटो होता. बाईंनी शाळेतून रंग आणले होते, मुलांच्या तोंडावर वाघ आणि फुलपाखरं रंगवायचे. बाटलीवर लिहिलं होतं की पाण्यानं लगेच निघतो. चौघांनी तोंडं पांढरीफटक केली, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं काढली, ओठांच्या कोपऱ्यांतून लाल ओघळ सोडले, आणि जुन्या पाण्याच्या टाकीच्या शेवाळलेल्या भिंतीपुढे उभे राहिले. फोटो झकास आले. सव्वादहा वाजता रीळमामा हात चोळत म्हणाले, "चल, दे आता मशीन. प्रती काढायला घेतो."

"कुठलं मशीन?" टाचणी म्हणाली.

"मशीन गं. कॅसेट आत आहे ते."

"ते तुमच्याकडे आहे ना?"

यानंतर जी शांतता पसरली, ती रेकॉर्ड करता आली असती तर अख्खा दुसरा अल्बम झाला असता. दोन वर्षांचं काम, एकुलती एक कॅसेट, घड्याळजींच्या पायाशी, आणि पाऊण तासानं घड्याळजी जमिनीखाली जाणार होते.

टाकीच्या नळावर चौघांनी तोंडं धुतली. रंग निघाला नाही, फक्त पसरला. पांढऱ्यात काळं मिसळलं, काळ्यात लाल, आणि आधी जी नुसती भुतं दिसत होती ती आता पुरात बुडून मेलेली भुतं दिसायला लागली.

"असं कसं जायचं?" कवळ्या म्हणाला.

"आपण जाऊन फक्त मागे उभं राहायचं," टाचणी म्हणाली. "मी पायाशी जाऊन हात घालते. कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही! दिवाणखान्यात हत्ती शिरला तरी यापेक्षा कमी माना वळल्या असत्या.

निरोपाचा हॉल लहानसा होता. खुर्च्यांच्या रांगा, पांढरी फुलं, चाळीसेक माणसं. पुढे पेटी, डोक्याकडचं झाकण अजून बाजूला ठेवलेलं. पायाशी काळा कोट घातलेले बाबा उभे होते. झाकण बंद होईपर्यंत ते कधीच हलायचे नाहीत. त्यांनी दारातल्या चौघांकडे बघितलं, आपल्या मुलीच्या ओठांवरून ओघळलेल्या लाल रंगाकडे बघितलं, आणि चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलू दिली नाही.

चौघं भिंतीला धरून पुढे सरकायला लागले. तिसऱ्या रांगेत एक गुटगुटीत पोरगा बसला होता. तो खुर्चीवर उभा राहिला आणि आनंदानं ओरडला, "बाई! तुम्ही पण मेलात?"

ज्याला उचलताना उसण भरली तोच हा पोरगा. घड्याळजींचा पणतू निघाला. आता सगळा हॉल वळला. बाई पांढऱ्या रंगाखाली आणखी पांढऱ्या पडल्या.

"नाही रे राजा," त्या आपल्या गोड आवाजात म्हणाल्या. "रंग लागलाय जरासा. खाली बस बघू, शहाणा ना तू?"

पोरगा बसला. पहिल्या रांगेतून एक लहानखुरी म्हातारी काठी टेकत उठली. ही घड्याळजींची बायको. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिचे डोळे भरून आले.

"शाळेत मुलांना रंगवत होता वाटतं," ती म्हणाली. "आणि कळल्यावर तशाच धावत आलात?"

"तसेच आलो, आजी," बाई म्हणाल्या. यातलं निम्मं तरी खरं होतं.

"चौघंही! तोंडसुद्धा धड न पुसता!" आजी म्हणाल्या आणि नातेवाइकांकडे अशा नजरेनं बघितलं की बघा, माया कशाला म्हणतात ते. दोन-तीन नातेवाइकांनी माना खाली घातल्या.

टाचणी एव्हाना पेटीच्या पायाशी पोचली होती. हात बाहीतून बाहेर काढला होता. आता नुसतं वाकायचं, झाकणाच्या फटीतून मनगट सारायचं आणि ओढायचं. तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"आजी, अस्तर हिनं शिवलंय. माझी मुलगी."

आजींनी टाचणीचा तोच हात धरला. सुयांनी टोचलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"सुबक शिवलंयस गं," त्या म्हणाल्या. "ते असते तर भिंग लावून टाके मोजले असते. फार चिकित्सक माणूस. साठ वर्षं घरात चाळीस घड्याळं टिकटिकत होती, त्याचं काही नाही, पण कपाटाचं दार जरा करकरलं की यांची झोप गेली. म्हणून तर तुझ्या वडिलांकडे आलो. म्हटलं, आता तरी निवांत झोपू देत."

टाचणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निवांत झोपणाऱ्या त्या माणसाच्या पायाशी तिनं हडळींची आणि कवट्यांची दहा गाणी ठेवली होती. आजी हात सोडेनात.

अकरा वाजले. आजींनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. बाबांनी झाकण बसवलं. मग त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून टाचणीपुढे धरला. "चार स्क्रू," ते हळूच म्हणाले. "तू लाव."

एरवी ती हरखून गेली असती. हे काम बाबांनी कुणालाच दिलं नव्हतं. तिनं पहिला स्क्रू लावला, दुसरा लावला. मागे रीळमामांनी घशातून कसलासा आवाज काढला. तिसरा लावताना स्क्रू ड्रायव्हर दोनदा घसरला. चौथ्याला तिच्यानं राहवेना.

"बाबा," ती कुजबुजली, "मी मालाला हात लावला. आमचं मशीन आत राहिलंय, पायाशी. अख्खा अल्बम आहे त्यात. एकच प्रत आहे."

बाबांची नजर स्क्रूवरच होती. "मग? उघडायची?"

टाचणीनं आजींकडे बघितलं. त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि पणतू आता पुढे येऊन त्यांच्या कुशीत पेंगत होता. झाकण उघडायचं म्हणजे सगळ्यांनी पुन्हा उठायचं, आजींनी काय झालं विचारायचं, आणि कुणीतरी घड्याळजींचे पाय बाजूला करून खडखडणारा डबा बाहेर काढायचा. दोन वर्षं, ती मनाशी म्हणाली. रोज संध्याकाळ. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरून काळे ओघळ हनुवटीपर्यंत आले.

"नको," ती म्हणाली. "झोपू दे त्यांना."

आणि तिनं चौथा स्क्रू घट्ट पिळला.

ते बघून कवळ्यानं हुंदका दिला. रीळमामा तर भिंतीला डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. आजींनी त्यांना स्वतःचा रुमाल पाठवला. घड्याळजींना इतकं मानणारी माणसं गावात आहेत, हे नातेवाइकांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

सगळं आटोपल्यावर बाबा गाडीपाशी आले. टाचणी आधीच येऊन आत बसली होती, खिडकीला डोकं लावून. बाबांनी कोट काढून नीट घडी घातली, स्टीअरिंगपुढे बसले आणि म्हणाले, "सीटखाली बघ."

सीटखाली बाबांच्या डब्याचं फडकं होतं, आणि फडक्यात मशीन.

टाचणीनं मशीन मांडीवर घेतलं आणि आत कॅसेट आहे ना ते बघितलं.

"न झोपता पेटी पाठवलीय का मी कधी?" बाबा म्हणाले. "आडवा झालो तर पायाला टोचलं."

लहानपणापासून रोज डोळ्यांपुढे घडणारी गोष्ट, आणि नेमकी तीच तिला आठवली नव्हती. दिव्याखाली अंधार तो हा.

"मग काल बोलला का नाहीत?"

"काल विचारलं होतं. नाही म्हणालीस."

"आणि मघाशी मी उघडा म्हटलं असतं तर?"

"तर उघडली असती. आत काही सापडलं नसतं, आणि आपल्या दोघांची मान खाली गेली असती." बाबांनी गाडी सुरू केली. मग उगाचच आरसा सारखा करत म्हणाले, "पण नाही म्हणालीस उघडा." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर एक हलकी टपली मारली. आई गेल्यानंतर त्यांनी अशी टपली मारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"एक आहे," वळणावर ते म्हणाले. "त्या डब्याला लाल दिवा लागला होता. बंद कसा करायचा कळेना, म्हणून सगळी बटणं दाबली."

हे ऐकून रीळमामा कारखान्यात मटकन खाली बसले. सगळी बटणं! त्यात पुसायचंही बटण होतं. चौघं मशीनभोवती गोळा झाले, तोंडं अजून तशीच बरबटलेली. बाबा पुढच्या बाजूला एका फळीवर रंधा मारायला लागले, कानात बोळा घालून. रीळमामांनी देवाचं नाव घ्यावं तसं "कॅसेट, कॅसेट" म्हणत बटण दाबलं.

पहिलं गाणं होतं. दुसरं होतं. बाईंचा तो जमिनीखालचा आवाज ऐकताना चौघांच्या माना आपोआप डोलायला लागल्या. नऊ झाली, दहावं झालं, "आम्ही दोन" संपलं, आणि रीळमामांनी सुटकेचा श्वास टाकला. मग "बाई, उठा!", मग "उसण!", मग पळापळ. कवळ्या हसायला लागला. "बंद करायचंच राहिलं की."

पण टेप पुढे फिरतच होती. काही वेळ नुसती शांतता. मग एक दार वाजलं. सावकाश पावलं आली, जवळ थांबली. कापड सळसळलं, आणि कुणीतरी माइकच्या अगदी जवळ एक लांब श्वास सोडला.

कवळ्या हसायचा थांबला. बाईंनी रीळमामांचं मनगट धरलं. थडग्यांवर दहा गाणी लिहिणारी ही चार माणसं अशी एकमेकांना चिकटली की त्यांच्यात सुई शिरली नसती.

टक, टक, टक, असं बोटानं फळीवर वाजलं. आणि एक थकलेला, भेगाळलेला आवाज अंगाई म्हणावी तसा हळूहळू गायला लागला:

टक टक टक, आत कोण?
उघडू नका, आम्ही दोन...

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते भीतीनंच. पण टाचणीनं दुसऱ्याच ओळीला आवाज ओळखला होता. सहा वर्षांपूर्वी दाराशी उभं राहून तासभर बघितलेली वाट तिला आठवली. आवाजानं गाणं सहा वेळा म्हटलं, एक शब्द न चुकता. मग म्हणाला, "करकरत नाही." मग, "अं? हे काय टोचतंय?" आणि खट्‌.

पुढच्या बाजूचा रंधाही थांबला होता. बाबा त्यांच्याकडे एक बाजू करून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते, निदान इकडून दिसणारा एक तरी. टाचणी उठून त्यांच्या पलीकडच्या बाजूला गेली. त्या कानात बोळा नव्हता.

"तुम्हाला ऐकू येतं?" ती म्हणाली. "दोन वर्षं ऐकताय?"

"बोळे करवतीसाठी असतात. करवत पाचला बंद होते."

"मग या कानात कशाला?"

"तुमच्या बाजूचा कान आहे तो. दोन्ही कानांनी ऐकवत नाही," बाबा म्हणाले. मग फळीवरून बोट फिरवत म्हणाले, "मिनिट मोजायला काहीतरी लागतंच. पूर्वी आकडे मोजायचो. हे बरं पडतं, सहा वेळा म्हटलं की मिनिट होतं." जरा वेळानं पुन्हा, "सहाव्या गाण्यात तू पळतेस. खिळा ठोकतानाही पळतेस. तेवढं पुन्हा कर."

सहावं गाणं पुन्हा केलं. बाकी सगळं तसंच ठेवलं, शेवटच्या त्या मिनिटासकट. अल्बम आला तेव्हा गाण्यांबद्दल लोक फारसं बोललेच नाहीत. पत्रं आली ती सगळी एकच विचारणारी: शेवटी गाणारा तो म्हातारा कोण, आणि दिवे बंद करून ऐकताना झोप का लागत नाही? एका पत्राखाली मात्र थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं की आमच्याकडे झोप छान लागते. पाठवणारी घड्याळजींची बायको होती.

दुसऱ्या अल्बमची तयारी सुरू झाली, त्या आठवड्यात टाचणी सकाळी कारखान्यात आली तर सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर एक नवी पेटी होती. आखूड, बाईंच्या मापाची, पायाशी मशीनपुरता खण काढलेली. ही कुणाची, म्हणून तिनं वाकून तळाचा खडू वाचला. बाबांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: घरची.

बाबांनी चपला काढल्या आणि गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे तिच्यात मावले. टाचणीनं आवाज न करता मशीनचं लाल बटण दाबलं, आणि फळीवर बोटानं तीनदा टक टक केलं.

"आत कोण?" ती म्हणाली.

"आधी झालर बघ, कानाला टोचतेय," आतून आवाज आला. मग, जरा हळू, "पण करकरत नाही. घ्या."